गिरणीच्या गाडीचं लॉक

"नीट उभी रहा की!" मी खिडकीतून मान बाहेर काढून ओरडलो.

"उभीच हाय! तुमी गाडी नीट घ्या!" मागून मालनचा आवाज आला.

आम्ही फणशीच्या वळणावर होतो. कारवटवाडीला चढणाऱ्या कच्च्या वाटेवर फणसाचं एक जुनं झाड आहे. तिथं वाट एकदम उजवीकडं वळते आणि नेमकी तिथंच पावसाच्या पाण्यानं आडवी घळ पाडलेली आहे. त्या घळीत गाडी तिरकी झाली की मागचं डावं चाक जमीन सोडायचं आणि भिंगरीसारखं जागच्या जागी फिरायचं. गाडीला चारी चाकांचा जोर होता, पण अशा वेळी पुढचं उजवं चाकही हलकं पडायचं आणि सगळा जोर या दोन चाकांतून वाया जायचा. ज्या चाकांखाली जमीन होती ती चाकं मुकाट बसून राहायची.

आमची गाडी म्हणजे जुना पिकअप. मागं हौद्यात गिरणी बसवलेली. एक दगडी चक्की, तिला फिरवणारं छोटं डिझेल इंजिन आणि धान्य तोलायचा काटा. मी गाडी चालवायचो, माझी बायको मालन दळायची. पाटण तालुक्यात डोंगरावर ज्या वाड्यांना गिरणी नाही तिथं वार ठरवून जायचो. कारवटवाडीचा वार मंगळवार. ती सगळ्यात उंचावरची.

फणशीच्या वळणावर आमची एक पद्धत पडून गेली होती. चाक फिरायला लागलं की मालन दार उघडून खाली उतरायची आणि मागं जायची. बंपरच्या डाव्या टोकाला मी तिच्यासाठी लोखंडी पायरी जोडून घेतली होती. त्या पायरीवर चढून, हौद्याची कांब धरून, ती सगळं अंग चाकावर टाकायची. चाक खाली बसायचं, माती धरायचं आणि गाडी वर जायची, ती वाडीपर्यंत तशीच मागं उभी. मालन अंगानं भरलेली होती. "तुमच्या गाडीचं निम्मं इंजिन मीच हाय," असं ती सगळ्या वाड्यांतून सांगायची.

त्या दिवशी मात्र चाक बसेना. मी पुन्हा पुन्हा घेतलं. शेवटी डिझेलचा भरलेला कॅन आणून पायरीवर तिच्या पायाशी ठेवला, तेव्हा कुठं गाडी चढली.

वर पोचल्यावर मी टायरला शिव्या घालत होतो. वाडीतली ठकूआज्जी दळण घेऊन पुढं आली. आज्जीला डोळ्यांनी फार कमी दिसायचं, सगळं हातानं चाचपून बघायची. तिनं मालनचा हात धरला आणि म्हणाली, "मालने, तुझ्या बांगड्या कोपरापतुर चढल्यात की गं."

"कामानं सैल झाल्यात, आज्जे."

"बांगडी कामानं सैल व्हती व्हय? काट्यावर उभी ऱ्हा बघू."

बायका हसायला लागल्या. मालनही हसत काट्यावर उभी राहिली. मी पुढं होऊन बघितलं. काटा बिघडलाय असं वाटून मी स्वतः उभा राहिलो. काटा बरोबर होता.

"अर्धं पोतं कुठं सांडून आलीस गं?" मी म्हणालो.

"तुमच्या मागनं चालून झिजले," मालन म्हणाली, आणि बायका पुन्हा हसल्या. एकटी ठकूआज्जी हसली नाही.

काय ते त्या दिवशी काट्यावरच कळलं. पुढं कराडच्या दवाखान्यात फक्त त्याचं नाव कळलं. पोटातलं होतं आणि पसरलेलं होतं. डॉक्टर चांगले होते. त्यांनी काही लपवलं नाही आणि उगाच आशाही लावली नाही.

दवाखान्यातून बाहेर पडलो आणि स्टँडसमोर चहाला बसलो. मला चहा जात नव्हता. मालननं तिचा संपवला आणि माझा पुढं ओढला.

"गाडी विकून टाकू," मी म्हणालो.

"आन् करताय काय? माझ्या उशाशी बसून माश्या मारताय?"

"तसं न्हवं गं."

"मग कसं? वरच्या बायकांनी दळण डोक्यावर घिऊन डोंगर उतरायचा? ठकूआज्जीला काय डोलीतनं आणताय?"

मी चहाचे पैसे काढून टेबलावर ठेवले. तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"मागच्या चाकांला लॉक बसवून घिऊ," ती म्हणाली. "गॅरेजवालं दस्तगीरभाय कवाधरनं सांगत्यात. मीच नको म्हणत हुते."

"का नको म्हणत हुतीस?"

"फुकटात उभी ऱ्हायला मी हाय की, म्हणून."

एवढं बोलून तिनं माझाही चहा संपवला.

गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये लोखंडी गोळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, आतल्याला कमी. हा गोळा दोघांना आपापल्या चालीनं फिरू देतो. सडकेवर हे बरं असतं. पण एक चाक हवेत गेलं की गोळा सगळी ताकद त्यालाच देऊन बसतो. लॉक बसवलं की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. एक हवेत असलं तरी दुसरं गाडी ओढतं. एवढीच गोष्ट. पण लॉकचे प्रकार बरेच, आणि आमचा खिसा एकच.

मालनला पंधरवड्यातून एकदा सुईसाठी कराडला न्यावं लागायचं. सुईनंतर दोन-तीन दिवस तिला अन्न जायचं नाही, मग पुन्हा उठून बसायची. त्यामुळं दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजला आम्ही सुईच्या आधी जायचो, तिला तरतरी असताना. दस्तगीर माझ्याच वयाचे. आमची गिरणी गाडीवर चढवून दिली तीही त्यांनीच.

"वहिनी, आधी चहा, मग लोखंड," ते म्हणाले. मालनसाठी त्यांनी घरातून उशी आणून खुर्चीवर ठेवली होती. आजाराबद्दल एक शब्द विचारला नाही.

"चहा नको. पयलं स्वस्तातलं दाखवा," मालन म्हणाली.

"स्वस्तातलं म्हंजे वेल्डिंग. गोळ्यातले दाते वेल्डिंग करून एक करून टाकायचे. दोन्ही चाकं जन्माची बांधली गेली. एका दिवसाचं काम."

"मग झालं की!" मी म्हणालो.

"झालं कसं? आधी बसून बघा." गॅरेजात एका वीटभट्टीवाल्याची जीप दुरुस्तीला आली होती. तिला असलं वेल्डिंग होतं. दस्तगीरभाईंनी आम्हा दोघांना तिच्यात घातलं आणि सडकेला घेतलं. सरळ रस्त्यावर काही कळलं नाही. चौकात त्यांनी उजवीकडं चाक वळवलं तशी टायर किंचाळली, आणि जीप वळायचं सोडून सरळ पानाच्या टपरीकडं निघाली. टपरीवाला हातातला चुना टाकून बाजूला झाला.

"अगं बाई!" मालन पदर तोंडाला लावून हसत होती. "ही तर नवऱ्याचा हात धरून बसलीया. वळूच दिना!"

"पावसात घाटाच्या वळणावर अशी सरळ गेली तर?" दस्तगीरभाई म्हणाले.

"नको. आमाला दोघांनाबी एकदमच जायचं न्हाय," मालन म्हणाली.

दस्तगीरभाई हसता हसता थांबले. मालन थांबली नाही, तेव्हा ते पुन्हा हसले.

परत आल्यावर त्यांनी टेबलावर दुसरा एक गोळा उघडून ठेवला. त्यात चकत्यांची चळत होती. "ही दुसरी. एक चाक पळायला लागलं की ह्या चकत्या घासत्यात आन् थोडी ताकद दुसऱ्या चाकाला देत्यात. जुन्या गाडीतली मिळंल, परवडंल."

"थोडी म्हंजे किती?"

"चाक पार हवेत असंल तर जवळजवळ काय न्हाय. तवा हँडब्रेक जरासा वढून धरायचा. मग दुसऱ्या चाकाला जोर जातो."

मालननं माझ्याकडं बघितलं. "एक हात स्टेरिंगला, एक हात गेरला. हँडब्रेक काय दातानं वढताय?"

"तू बसशील की शेजारी. तू वढ," मी म्हणालो.

ती चकत्यांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "दस्तगीरभाय, सवत आणायची तर दहा ठिकाणी बघून आणावी. आजून दाखवा."

सवत हा शब्द तिथून पडला. पुढं महिनाभर आमच्या घरात लॉकला कुणी लॉक म्हटलं नाही.

तिसरी सवत आम्ही पवनचक्क्यांच्या पठारावर बघितली. रविवारी तिथं पुण्याहून जीपवाले येतात. मोठमोठी टायर लावलेल्या गाड्या दगडांवरून चढवायच्या, चिखलात घालायच्या, मग एकमेकांना दोर लावून काढायच्या, असा त्यांचा खेळ. मला ते खुळ्यांचं काम वाटायचं. मालन म्हणाली, "खुळ्यांकडं चांगलं सामान असतंय. चला."

तिथं केतकी नावाची मुलगी होती. पंचविशीची असेल. केस बारीक कापलेले, हाताला ग्रीस. तिच्या जीपला हवेवरचं लॉक होतं. मालन सरळ जाऊन म्हणाली, "पोरी, तुझी सवत बघाया आलोय." केतकीला काही कळेना. मी समजावून सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली आणि मालनला उचलल्यासारखं धरून तिनं आपल्या शेजारी सीटवर बसवलं.

"काकू, हे बटण दाबा."

मालननं दाबलं. खाली कुठंतरी फुस्स झालं. केतकीनं जीप दगडांच्या एका ढिगावर घातली. दोन चाकं हवेत, तरी गाडी शिडी चढल्यासारखी वर गेली. मी खाली उभा होतो. मालननं वरून मला हात केला.

"हीच घ्यायची," ती खाली आल्यावर मी म्हणालो.

"किती पडंल गं हिला?" मालननं विचारलं.

"काकू, किंमत नका विचारू. माझ्या आईला मी अजून खरी किंमत सांगितलेली नाही."

मला तिनं बाजूला नेऊन सांगितली. तेवढ्या पैशांत आमच्यासारखी दुसरी जुनी गाडी आली असती.

"तारेवरचंही मिळतं," केतकी म्हणाली. "ते बरंच स्वस्त. सीटजवळ दांडा असतो. अडकायची वेळ आली की ओढायचा, बाहेर पडलं की सोडायचा."

हे मला पटलं. ट्रॅक्टरला असंच पायाखाली लॉक असतं. आपल्या हातात असलेली वस्तू बरी. मी तसं बोललो.

मालननं केतकीला विचारलं, "आन् वढायचं राहिलं तर?"

"मग अडकायचं," केतकी म्हणाली.

"मग यांचं काय खरं न्हाय. ट्रॅक्टरचं लॉक पायाखाली असून चाक पार गाडंपतुर यांना आठवत न्हाय. भाऊजींचा ट्रॅक्टर बैलं लावून वढलाय आमी. ट्रॅक्टरला बैलं! गावानं जत्रंसारखं बघितलं."

"एकदाच झालं ते," मी म्हणालो.

"दोनदा. दुसऱ्यांदा तर बैलंच हसत हुती."

केतकी आमच्याकडं बघत बसली होती. मग तिनं विचारलं, "काकू, तुम्हाला नक्की कसं लॉक हवंय?"

"कुणी काय न सांगता आपलं आपण उठणारं."

"तसं असतं की! काही नव्या पिकअपना कंपनीतूनच येतं. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार जोरात पळायला लागलं की लॉक आपोआप लागतं. बटण नाही, दांडा नाही. नवीन महाग पडेल, पण अपघातातल्या गाडीचा मागचा अख्खा एक्सल, म्हणजे गोळ्यासकट चाकांचा दांडा, भंगारात मिळाला तर बघा. फक्त त्याचे दाते तुमच्या पुढच्या चाकांच्या गोळ्याशी जुळायला हवेत, नाहीतर चारी चाकं लावली की पुढची आणि मागची भांडतील."

निघताना तिनं मालनला आपली टोपी दिली. सुईनं मालनचे केस गळायला लागले होते. केतकीच्या ते ध्यानात आलं असावं. मालननं ती टोपी पदराच्या आत घातली आणि घरी येईपर्यंत काढली नाही.

असला एक्सल हुडकायचं काम दस्तगीरभाईंनी अंगावर घेतलं. एक दिवस त्यांचा फोन आला, कराडबाहेरच्या भंगारात दोन आलेत म्हणून. मालन आदल्या दिवसापासून झोपून होती. फोन ऐकून उठली, तोंड धुतलं, टोपी घातली.

भंगारवाल्यानं पहिला एक्सल दाखवला. रंग मारून चकचकीत केलेला. दुसरा गंजलेला, मागं पडलेला. दाते मोजायचे तर गोळा उघडावा लागतो, आणि भंगारवाला उघडू देईना. तेव्हा दस्तगीरभाईंनी चाकाच्या तबकड्यांवर खडूनं खूण केली. ते गोळ्याला जोडलेला पुढचा दांडा हातानं फिरवायला लागले. तबकडीचा एक फेरा पुरा व्हायला दांड्याचे किती फेरे लागतात त्यावरून दाते जुळतात का ते कळतं. मोजायला मालनला बसवलं, एका जुन्या टायरवर.

तिनं धान्य मापताना मोजतात तसं, एकाला लाभ म्हणत, सुरू केलं. "लाभ... दोन... तीन..."

"बाई, हे काय धान्य हाय का?" भंगारवाला म्हणाला.

"तुमच्या घरात लोखंड खात असतील. आमच्यात याच्यावरच दळण येणार हाय," मालन म्हणाली आणि पुढं मोजत राहिली.

चकचकीत एक्सल जुळला नाही. गंजलेला जुळला.

मग दस्तगीरभाईंनी त्याचं एक चाक हळू फिरवलं. ते मोकळं फिरलं. दुसरं मला घट्ट धरायला सांगितलं आणि पहिल्याला जोरात हिसका दिला. आतून आवाज आला, खट्ट! माझा हात झटकला गेला. दोन्ही चाकं एक झाली होती.

मालन टायरवरून उठून उभी राहिली. "परत करा."

पुन्हा खट्ट.

"आजून एकदा."

लहान पोरागत तिनं चार-पाच वेळा करायला लावलं. तिच्या तोंडावर असं हसू मी दवाखान्याचं सुरू झाल्यापासून बघितलं नव्हतं. "आवं, ही तर न सांगता उठती! हीच. ठरली."

"माझं ऐक," मी म्हणालो. "दांड्याचं बरं. आपोआपचा भरवसा काय? गाडी मी चालवतो, मला कळतंय."

"गाडी तुमी चालवताय. उतरतं कोण?"

"म्हंजे?"

"म्हंजे काय न्हाय. गाडी वढायची सवत हाय, मला पसंत हाय, तुमचं काय जातंय? दस्तगीरभाय, चढवा गाडीत."

भंगारवाल्याशी घासाघीसही तिनंच केली. शेवटी तो म्हणाला, "घ्या बाई, पण पुन्हा येऊ नका." "न्हाय येत," मालन म्हणाली, आणि माझ्याकडं बघून डोळा मारला.

दस्तगीरभाईंनी एक्सल बसवला. आत नवीन बेअरिंग घातली, मजुरी घेतली नाही. "सवतीच्या लग्नाचा आहेर," म्हणाले. मालनला पुढची सुई लागली होती, त्यामुळं मंगळवार गाठायला वेळ गेला. डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं होतं. मी मालनला म्हणालो, मी एकटा जाऊन बघून येतो.

"नवी सून घरात घेताना सासू दारात लागती," ती म्हणाली.

"आता सासू झालीस व्हय?"

"सवत, सासू, सगळी मीच. उचला मला."

आणि खरंच मी तिला उचलून गाडीत बसवलं. एका हातात उचलली जात होती.

फणशीचं वळण आलं. खालचा गेर टाकला, चारी चाकं लावली आणि गाडी घळीत घातली. गाडी तिरकी झाली, मागचं डावं चाक उचललं गेलं आणि फिरायला लागलं. मी वाट बघितली. काही झालं नाही. गाडी थांबली.

"मागं घ्या, परत," मालन म्हणाली.

परत घेतलं. चाक फिरलं, गाडी थांबली. खट्ट नाही, काही नाही.

"गेलं," मी म्हणालो. "म्हणत हुतो दांड्याचं घ्या. भंगारवाल्यानं गंडवलं."

मालन माझ्याकडं नाही, माझ्या पायाकडं बघत होती.

"आजून एकदा घ्या बरं."

तिसऱ्यांदा घेतलं. चाक फिरलं.

"बघा!" ती ओरडली. "पाय काढला तुमी!"

"कुठं काढला?"

"चाक फिरलं की तुमचा पाय वर येतोय! ती बिचारी उठायच्या आत तुमी थांबताय!"

मी पायाकडं बघितलं. ती म्हणत होती ते खरं होतं. इतकी वर्षं या वळणावर चाक फिरायला लागलं की मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलत होतो, म्हणजे मालनला खाली उतरता यावं. पायाला ते माझ्या नकळत पाठ झालं होतं. मी बघितलं तर मालनचा डावा हातही दाराच्या कडीवर होता. तिनंही खाली बघितलं, कडी सोडली आणि हात मांडीवर ठेवला.

"मी उतरत न्हाय आता," ती म्हणाली. "थांबू नका. चाक फिरू द्या, पाय काढू नका."

मी गाडी मागं घेतली आणि पुन्हा घळीत घातली. चाक उचललं गेलं. फिरायला लागलं. पाय वर यायला बघत होता, मी तो तसाच दाबून ठेवला. चाक भिर्र झालं, आणि मागून खट्ट! गाडीनं एक झटका खाल्ला आणि घळीतून वर निघाली.

"उतरली!" मालननं टाळी वाजवली. "हाक न मारता उतरली बघा!"

फणसाच्या पुढं वाट उघडी होते आणि समोर एकदम कारवटवाडी दिसते. नाचणीची खाचरं, घरांची कौलं, मागं पठार. मालन काचेला नाक लावून बघत होती.

"हितनं असं दिसतं व्हय?"

"म्हंजे? तू बघितलं न्हाईस?"

"मी कवा बघणार? मी मागं उभी, समोर गिरणी आडवी. मला नुसती खालची वाट दिसायची, मागं जाणारी." मग म्हणाली, "इतकी वर्सं हे एकटेच बघत आलाय. लबाड."

वर बायका गोळा झाल्या. गाडीचा आवाज ऐकून ठकूआज्जी काठी टेकत आली आणि सवयीनं मागच्या पायरीपाशी जाऊन चाचपायला लागली.

"आज्जे, मी हितं पुढं!" मालन दारातून ओरडली.

"पुढनं कशी आलीस?"

"मागं सवत ठेवलीया."

आज्जीनं मला जी शिवी दिली ती लिहिण्यासारखी नाही. बायका हसून हसून बसल्या. मालननं त्या दिवशी दळलं नाही, बसून मला शिकवलं. दगड किती सोडायचा, नाचणीला किती, वरीला किती, पीठ बोटांत घेऊन कसं बघायचं. माझं पहिलं पीठ भरड आलं. "कोंबड्यांला चालंल," ती म्हणाली.

उतरताना फणशीखाली मी गाडी थांबवली. तिला पाणी दिलं. मी विचारलं, "मालन, खरं सांग. दांड्याचं का नको म्हणालीस? तेबी चाललं असतं."

"चाललं असतं की. तुमी दांडा वढला असता तर." तिनं पाणी प्यायलं, टोपी सारखी केली. "तुमी मला ह्या वळणावर उतर म्हणून कवा हाक मारलीया का? आठवा."

मी आठवलं. एकदाही मारली नव्हती. चाक फिरलं रे फिरलं की तिचं दार उघडलेलं असायचं.

"तुमाला हाक मारायची सवयच न्हाय. मी ती लावलीच न्हाय," ती म्हणाली. "दांडा घेतला असता तर तुमी हितं गाडी तिरकी घालून बसला असता. दार कवा उघडतंय त्याची वाट बघत. चला आता, ऊन उतरलं."

शिमग्याच्या आधी ती गेली.

मंगळवारी मी कारवटवाडीला जातो. नाचणीचं पीठ आता बरं येतं. ठकूआज्जी अजून आहे, बोटांत पीठ घेऊन बघते आणि "मालनीसारखं न्हाय, पन खाण्यासारखं हाय" म्हणते. लॉकनं एकदाही दगा दिलेला नाही. मीच कधी तरी त्या वळणावर पाय उचलतो. मग गाडी मागं घेऊन पुन्हा घालावी लागते.

केतकी दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला पठारावर येते आणि सवत कशी आहे म्हणून विचारते. दस्तगीरभाई गाडी सर्व्हिसिंगला आली की खाली वाकून बघतात. बंपरची पायरी घळीतल्या दगडाला लागून वाकली आहे, ती कापून टाकली पाहिजे, नाहीतर एक दिवस बंपर घेऊन पडेल, असं त्यांचं म्हणणं आहे. ते बरोबर आहे. मी पुढच्या खेपेला आणतो म्हणतो.

पायरी कापायची राहिली आहे.